पुढचा उजवा पाय

घोडी आमच्याकडे आली ती दोन दिवसांसाठी. निदान मला तसं सांगण्यात आलं होतं. फोन करणारी मुलगी रस्त्यावरची जखमी जनावरं उचलून त्यांच्यावर उपचार करणाऱ्या एका गटात काम करते. तिचा आवाज असा लाघवी आहे की आपण कशाला हो म्हणालो ते फोन ठेवल्यावर लक्षात येतं. "काकू, तुमचा गोठा रिकामाच आहे ना? फक्त दोन दिवस. आमच्याकडे कुत्र्यांनाच जागा पुरेना झालीय." गोठा रिकामा होता हे खरं. म्हैस विकल्यापासून माझ्या नवऱ्याने त्यात मोडक्या खुर्च्या आणि फुटके पाइप नीट रचून ठेवले होते, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. मी म्हटलं, दोन दिवस म्हणजे दोनच. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. दोन म्हणजे किती याबद्दल माझ्या मनात कधी गोंधळ नव्हता. त्या मुलीचं गणित दुसऱ्या कुठल्या शाळेत झालं असावं.

आम्ही दोघं दौलताबादला राहतो. नवऱ्याच्या वाट्याला आलेला जमिनीचा तुकडा आहे, त्यात थोडे पेरू, थोडी सीताफळं, आणि मधोमध आमचं दोन खोल्यांचं घर. शहरातला फ्लॅट मुलाला देऊन इथं आलो तेव्हा मी ठरवलं होतं की आता कुणाचं काही करायचं नाही. सकाळी चहा घेऊन किल्ल्याकडे बघत बसायचं, बस.

टेम्पो संध्याकाळी आला. फळकूट खाली सोडलं तरी घोडी उतरेना. पांढरी घोडी, पण पांढरी म्हणायची सोय नव्हती इतकी मळलेली. शेपटीच्या टोकाला मेंदीचा लाल रंग, आयाळीत चमचमणाऱ्या टिकल्या अडकलेल्या. लग्नाच्या वरातीतली घोडी होती ती. नवरदेव पाठीवर घेऊन मंगल कार्यालयापर्यंत जायचं, हेच तिचं आयुष्य. पाय सुजला तसं कुणीतरी तिला पडेगावच्या पुढं रस्त्याकडेला सोडून दिलं होतं. पुढचा उजवा पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत सारखाच जाड झाला होता, मध्ये कुठं निमुळता नाही की सांधा दिसत नाही. खुराच्या वर दोरीने कापल्याची जखम, आणि तिचा वास टेम्पो थांबायच्या आधी पोचला होता.

मी पदर नाकाला लावला. नवरा म्हणाला, "लई हाल झाले गं हिचे." मी म्हटलं, "हाल तिचे झालेत आणि आता आपले होणार आहेत." मग आम्ही दोघांनी खुर्च्या बाहेर काढल्या.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सरकारी नोकरी सोडून स्वतःचा दवाखाना काढलेले जनावरांचे डॉक्टर. चाळिशीतले, उंच, दाढीत थोडी पांढरी झाक. त्यांची धाकटी बहीण माझ्या वर्गात होती, म्हणून ते मला अजून बाई म्हणतात. त्यांनी जखम धुतली, किडे काढले, इंजेक्शनं दिली, आणि मग आम्हा दोघांना बाजूला घेऊन जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

"बाई, पू कातडीखाली आहे तोवर आपण काहीतरी करू शकतो. सांध्यात शिरला असेल तर मुश्कील आहे. घोडं तीन पायांवर जगत नाही. सगळा भार दुसऱ्या पायावर येतो, मग तोही जातो. तेव्हा मला एकच बघायचंय, ती हा पाय जमिनीवर ठेवते की नाही. ठेवला तर सांधा शाबूत आहे. नाही ठेवला, तर तिला असं उभं ठेवणं म्हणजे जुल्म आहे."

 म्हणजे तिला इंजेक्शन देऊन शांत करायचं, हे मला न सांगताही कळलं.

त्या दिवसापासून आमचा दिवस त्या पायाभोवती फिरायला लागला. सकाळी कोमट पाण्यात मीठ घालून शेक. मग लाल औषधाच्या पाण्याने जखम धुणं, मलम, आणि कापसावर घट्ट पट्टी. पट्ट्यांसाठी माझ्या जुन्या सुती साड्या गेल्या. आधी फाटक्या गेल्या, मग विरलेल्या, आणि शेवटी नवरा कपाटासमोर उभा राहून "ही तर तू नेसतच नाय" असं म्हणायला लागला तेव्हा मी कपाटाला कुलूप घातलं. शेतात मोटारीची वीज कधी येईल त्याचा नेम नाही. आली की तो जेवणावरून उठायचा आणि पायावर गार पाण्याची धार सोडत बसायचा. घोडीला ते फार आवडायचं. ती डोळे अर्धे मिटून खालचा ओठ लोंबता सोडायची. मला इतक्या निवांतपणे कुणी पाणी घातल्याचं मला आठवत नाही, आणि हे मी त्याला बोलूनही दाखवलं.

तिला मी नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की माणूस अडकतं. नावं मात्र रोज ठेवली. हरभऱ्याची चंदी दिली तर पसाभर खायची आणि बाकीची सांडायची. लसूणघास निवडून खायची, दांडे बाजूला. पेरू मात्र कच्चा असो, पिकला असो, किडका असो, कधी नाही म्हणाली नाही. खरारा करताना एका जागी तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती पाठीची कातडी थरथरवून माझ्याकडे वळून बघायची, मीच काही वावगं केल्यासारखं. आयाळीतल्या टिकल्या मी दुपारी बसून एकेक करून काढल्या. त्या काढताना मनात यायचं की किती नवरदेव हिच्यावर बसून गेले असतील आणि त्यातल्या एकाला तरी हिचं तोंड आठवत असेल का. मग मी स्वतःलाच दटावायची. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याबद्दल इतका विचार करायचा नसतो.

सूज उतरायला लागली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. गुडघ्याखाली आधी एक खळगा दिसला, मग हाडाची रेघ. जखमेचा वास गेला, कडेने गुलाबी कातडी यायला लागली. आणि ती पाय खाली ठेवायची! पूर्ण भार टाकत नसेल, पण खूर जमिनीला टेकलेला असायचा. मी भांडी घासता घासता मोरीतून बघायची, चारही पाय खाली.

आणि डॉक्टर आले की पाय वर.

दर वेळी तेच. ते फाटकातून आत यायचे, गोठ्याच्या दाराशी यायचे, आणि घोडी उजवा पाय गुडघ्यात दुमडून वर धरायची. तो खाली यायचाच नाही. पाय थरथरायचा, तरी खाली नाही. डॉक्टर हात लावून बघायचे, दाबायचे, तोंडाने चुकचुकायचे. मी सांगायची, "अहो, तुम्ही यायच्या आधी खाली होता." नवरा म्हणायचा, "व्हय डॉक्टरसाब, दिवसभर खालीच असतो." डॉक्टर मान हलवायचे. दुखणाईताच्या घरच्या माणसांसमोर डॉक्टर हलवतात तशी मान.

"बाई, प्रत्येक मालक मला हेच सांगतो."

"मी मालक नाही," मी म्हटलं. "मला फक्त डोळे आहेत."

 बॅग बंद करता करता ते एवढंच म्हणाले की आता फार थांबण्यात अर्थ नाही, बाहेरून जखम भरतेय पण आत काय चाललंय ते पाय सांगतोय. पुढच्या खेपेला पाय असाच दिसला तर त्या गटातल्या मुलीला बोलावून काय तो निर्णय घेऊ.

ते दिवस मी फार वाईट वागले. नवऱ्याशी पाइपावरून भांडले, दूधवाल्याशी पाण्यावरून, आणि घोडीशी तर सगळ्यावरूनच. "ठेव ना मेले पाय खाली," मी तिला सांगायची, आणि त्या क्षणी तिचे चारही पाय खालीच असायचे. ती शांतपणे माझ्या खांद्यावर नाक घासायची. मला तिचा राग यायचा आणि त्याच वेळी इतकं भरून यायचं की मी उगाच बादली आपटत बाहेर जायची.

इथं मला माझ्या नवऱ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फाटकावर होता, कामगारांच्या हजेरीच्या खिडकीत. पाळी बदलताना शेकडो माणसं त्याच्यासमोरून जायची आणि तो प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पद्धतीचा नमस्कार घालायचा. शेतकरी घरातला असेल तर राम राम, बौद्ध असेल तर जय भीम, मुसलमान असेल तर सलाम, ट्रकवाले सरदारजी आले तर सत श्री अकाल, आणि साहेब लोकांना गुड मॉर्निंग. उभ्या नोकरीत एकालाही चुकीचा नमस्कार घातला नाही, याचा त्याला जितका अभिमान आहे तितका आमच्या मुलाच्या डिग्रीचा नाही. यंत्रांच्या घरघरीत बोलायची सवय, म्हणून आवाजही असा की पेरूवरचे पोपट उडावेत. मी त्याच्या उलट. माझ्याकडे कुणी आलं की मी सरळ मुद्द्यावर येते. "या, बसा" एवढं म्हटलं तरी खूप झालं.

डॉक्टर निर्णयासाठी यायचे त्या दिवशी नवरा देवगाव रंगारीला गेला. चुलतभावाच्या नातीचं बारसं होतं. गेलंच पाहिजे असं काही नव्हतं. चपला घालताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तूच बोल त्यांच्यासंगं. मला नाय ऐकवणार ते." एरवी मी त्याला सोडलं नसतं, पण त्या दिवशी जाऊ दिलं. तो गेल्यावर घोडीला एक चांगला पिकलेला पेरू दिला.

डॉक्टर आले. त्या मुलीलाही त्यांनी बोलावलं होतं, ती मागून येत होती. मी म्हटलं, "या." ते गोठ्यात आले. मी भिंतीकडे बघत होते, कारण पाय वर जाताना मला बघायचा नव्हता.  मग डॉक्टर म्हणाले, "बाई, हे काय?"

घोडी चार पायांवर उभी होती. नुसती उभी नव्हती, उजवा पाय थोडा पुढं टाकून त्यांच्या खिशाचा वास घेत होती. डॉक्टर खाली बसले, सांधा दाबला, पाय उचलला, वाकवला, सोडला. तिने तो परत जमिनीवर ठेवला. त्यांनी तिला गोठ्याबाहेर दहा पावलं चालवलं. लंगडत होती, पण टेकत होती. "हे एका आठवड्यात कसं होईल?" ते स्वतःशीच म्हणत होते. मी म्हटलं, "एका आठवड्यात नाही झालेलं. मी केव्हाची सांगतेय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. देवगावहून नवरा. माझे हात औषधाने लाल झालेले, म्हणून मी बोटाच्या पेराने फोन उचलून स्पीकरवर टाकला. "काय म्हनले गं डॉक्टर?" त्याचा आवाज बारशाच्या गोंगाटातही दबलेला होता. मी म्हटलं, "इथंच उभे आहेत, तुम्हीच विचारा." मग तो घसा खाकरून आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडला, "सलाम, डॉक्टरसाब!"

घोडीने उजवा पाय दुमडून वर धरला.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी डॉक्टरांकडे. फोनमधून नवरा "हॅलो, हॅलो" करत होता. डॉक्टरांनी हाताने मला गप्प राहायची खूण केली, घोडीचा पाय धरून खाली ठेवला, तिच्या मानेवर थोपटलं. ती शांत झाली. मग ते एक पाऊल मागं सरकले आणि अगदी हलक्या आवाजात, मशिदीतून बाहेर पडताना शेजाऱ्याला म्हणावं तसं, म्हणाले, "सलाम."

पाय वर.

"या अल्ला," डॉक्टर म्हणाले आणि मटकन गोठ्याबाहेर काढलेल्या एका मोडक्या खुर्चीवर बसले. वरातीच्या घोड्यांना सलाम शिकवतात, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, आपण सगळ्यांनीच बघितलेलं असतं. कार्यालयाच्या दाराशी घोडी पुढचा उजवा पाय उचलून सलाम करते, लोक टाळ्या वाजवतात, नवरदेवावरून नोट ओवाळून घोडीवाल्याला देतात, आणि तिला गूळ मिळाला की ती पाय खाली घेते. आमच्या गोठ्यात डॉक्टरांच्या प्रत्येक खेपेला सलाम पडत होता, गूळ कुणी देत नव्हतं. म्हणून ती बिचारी पाय थरथरेपर्यंत धरून उभी राहायची. पहिल्या दिवसांत तो खरंच दुखून वर असेल. पुढचं सगळं शिष्टाचार होता. नवऱ्याचा डॉक्टरांसाठी आणि घोडीचा नवऱ्यासाठी.

डॉक्टर आधी हसले. पोट धरून हसले, फोनवर नवऱ्याला सांगताना तर त्यांना पुरतं बोलताही येईना. मग चष्मा काढून पुसत बसले. "बाई, दुखरा पाय आहे, टाकून दिलेलं जनावर आहे, आणि कुणी सलाम म्हटलं तर जवाब द्यायला चुकत नाही." मी घरात जाऊन गुळाचा मोठा खडा आणला आणि तिच्या तोंडाशी धरला. पाय खाली आला. ती गूळ चघळत राहिली आणि तिच्या तोंडाची चिकट लाळ माझ्या कोपरापर्यंत ओघळली. मी हात पुसला नाही. मला इतका आनंद झाला होता की मागून आलेल्या त्या मुलीलाही मी चहा विचारला.

नवऱ्याला मात्र ही गोष्ट पचायला वेळ लागला. घोडी बरी होतेय याचा आनंद एकीकडे, आणि आपण आयुष्यभर जपलेला नमस्कारच तिच्या जिवावर उठला होता ही बोच दुसरीकडे. गोठ्याच्या परिसरात तो शब्द उच्चारायचा नाही, अशी मी सक्त ताकीद दिली. पुढच्या वेळी डॉक्टर आले तेव्हा तो तोंड उघडून नुसताच उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "या." डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचं हे 'या' ऐकून मला वसुलीला आल्यासारखं वाटतं." त्यावर तोडगा त्यानेच काढला. डॉक्टरांची मोटारसायकल वळणावर दिसली की तो चपला शोधत पार रस्त्यापर्यंत जायचा, तिथं मनसोक्त सलाम घालायचा, आणि मग दोघं मुकाट्याने आत यायचे.

सांधा शाबूत होता. पण डॉक्टरांचं समाधान झालं नव्हतं. ती आल्यापासून एकदाही जमिनीवर बसली नव्हती, आडवी झाली नव्हती. घोडं उभ्या उभ्या डुलकी घेतं, पण खरी झोप त्याला आडवं पडूनच लागते, असं ते म्हणाले. ज्या पायावर भरवसा नाही तो पाय असताना घोडं बसत नाही, कारण उठताना पुढचे पाय आधी लावावे लागतात, आणि उठता आलं नाही तर सगळं संपलं हे त्याला कळतं. "मला वाटतंय ती बरी आहे. तिला तसं वाटतंय का, ते तीच सांगेल. ज्या दिवशी बसेल आणि आपणहून उठेल, त्या दिवशी मला फोन करा. बसली आणि उठली नाही, तर लगेच करा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. त्यानंतर घोडी मान खाली घालून पाणी प्यायली तरी मी हातातलं काम टाकून बघायला जायची. आम्ही तिला दिवसा मोकळं सोडायला लागलो. ती पेरूच्या झाडांतून सावकाश फिरायची, खालच्या फांद्यांची पानं ओरबाडायची, आणि ऊन चढलं की गोठ्याच्या सावलीत येऊन उभी राहायची. उभीच. डोळ्यांखाली खड्डे पडले होते तिच्या.

घराच्या मागं मी मेथीसाठी वाफा केला होता. माती चाळून घेतली होती, खडे वेचले होते, शेणखत मिसळून हाताने भुसभुशीत केली होती. बी दुपारी टाकायचं होतं. मी मेथीचं बी आणायला घरात गेले आणि बाहेर आले तर घोडी वाफ्याच्या मधोमध उभी. मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिने मान खाली घालून माती हुंगली, स्वतःभोवती एकदा फिरली, पुढचे गुडघे वाकवले आणि धप्पकन खाली बसली. मग कुशीवर आडवी झाली.

नवरा मोटारीपाशी होता. मी त्याला हाक मारली की नाही कोण जाणे, पण तो पळत आला. आम्ही दोघं बांधावर उभे राहिलो. तिचं पोट वरखाली होत होतं. डोळे मिटले होते. ती झोपली होती, गाढ, माझ्या मेथीच्या वाफ्यात, तोंड किंचित उघडं ठेवून. आम्ही किती वेळ तसे उभे होतो ते माहीत नाही. ऊन सरकून तिच्या पाठीवर आलं. नवऱ्याने माझा हात धरला होता, आणि रस्त्याने कुणीतरी "राम राम" घातला तरी त्याने उत्तर दिलं नाही.

मग तिने डोळे उघडले. पाठीवर उलटी झाली, चारही पाय आभाळाकडे करून लोळली, या कुशीवरून त्या कुशीवर, सगळा वाफा उधळून. पुन्हा स्थिर झाली. छातीखाली पाय घेतले. डावा पाय पुढं लावला. थांबली.  मग उजवा पाय पुढं आला, खूर भुसभुशीत मातीत रुतला, घसरला, परत लागला, आणि ती त्याच्यावर भार देऊन एका झटक्यात उभी राहिली. अंग झाडलं तशी सगळी माती आमच्या अंगावर आली.

मी डॉक्टरांना फोन लावला. "हॅलो," ते म्हणाले, "बाई?" मी फोन कानाला घट्ट दाबून घोडीकडेच बघत राहिले. त्यांना काय वाटलं असेल, त्यांचा आवाज एकदम बदलला. "बाई, बसली का? बाई, उठली?"

मी मान हलवली. फोनवर. जोरजोरात, पुन्हा पुन्हा हलवत राहिले, शेवटी नवऱ्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला.